खाऱ्या वाऱ्यात जुनी छोटी गाडी सांभाळताना

कोकणात सेकंडहँड छोटी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी किलोमीटर विचारतो. पन्नास हजार म्हटलं की खूश, दीड लाख म्हटलं की तोंड वाकडं. घाटावर हा हिशेब चालून जात असेल. इथे मात्र रोज खेड–चिपळूण करून दीड लाख गाठलेली अल्टो ही गुहागरच्या एखाद्या वाडीत माडाखाली दहा वर्षं उभी राहून पस्तीस हजार चाललेल्या अल्टोपेक्षा बहुतेक वेळा बरी निघते. वेळच्या वेळी तेल बदललं तर छोटं पेट्रोल इंजिन सहजासहजी दगा देत नाही. आधी जातो तो पत्रा, आणि त्याला खातं मीठ, ओल आणि नुसतं उभं राहणं.

पावसाळ्यातच गंज चढतो हा गैरसमज आहे. पावसाच्या धारा गाडीवरचं मीठ निदान धुऊन तरी नेतात. खरी चढाई ऑक्टोबरपासून सुरू होते. वाऱ्याबरोबर येणारं मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता बहुतेक वेळा त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस नसतानाही गाडीचा तळ रोज रात्री खाऱ्या पाण्यात भिजतो. त्यावर कोणी प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधून ठेवलं तर विचारायलाच नको, आतली ओल बाहेर जातच नाही.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रीजला लावतात तसं एक लोहचुंबक खिशात ठेवा. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खाली वाका. दारांखालचा लांब पट्टा, ज्याला जॅक लावायच्या जागा असतात, तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आतून पोकळ झालाय. मग मागच्या चाकांच्या कमानीची आतली दुमड बोटाने चाचपा. चिखल आणि मीठ तिथेच अडकून बसतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात. ती तुंबली की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साचतं आणि रंग खालून फुगू लागतो. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा बघा. बॅटरी ज्या ट्रेवर बसते तो ट्रे आणि त्याच्या खालचा पत्रा बघा. आणि बॉनेटखाली, पुढचे शॉकअप जिथे वर बोल्ट होतात ते दोन कप बघायला विसरू नका.

सगळा गंज सारखा नसतो. फेंडर बोल्टवर असतो, दार बिजागरीवर असतं, दोन्ही बदलता येतात. पण शॉकअपचे कप, लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) जिथे चॅसिसला बसतो ती जागा, मागच्या अ‍ॅक्सलचे माउंटिंग आणि दारांखालचा पट्टा यांतलं काही कुजलेलं असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, हात जोडून परत फिरा. वेल्डिंगवाला पट्टी मारून देईल, पण मूळ पत्रा पातळ झालेला असतो आणि वेल्डिंगच्या कडेने गंज पुन्हा चालू लागतो. लोहचुंबक कशासाठी, तर पुटीनवर तो चिकटत नाही. ताज्या रंगाची, चकचकीत जुनी गाडी दिसली की कमानींवर आणि दारांच्या तळाशी तो फिरवून बघा.

एक वेगळी जात पुराच्या गाड्यांची. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि आता त्या तिसऱ्या-चौथ्या हातात असू शकतात. ओळखायची पद्धत सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला गाळाचा डाग किंवा पाण्याची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगा गंजलेल्या असतील तर पाणी तिथवर आलं होतं. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचे कपलर बघा. आतल्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर पुढे कधी हॉर्न बंद, कधी फॅन बंद, कधी मीटर बंद असं चालूच राहील. असा इलेक्ट्रिकचा लपंडाव निस्तरण्यापेक्षा इंजिनाचं काम परवडलं.

कुठली गाडी

गावातल्या वाटा जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातात आणि समोरून रिक्षा आली की कोणाला तरी मागे जावं लागतं. तिथे रुंदी महत्त्वाची. अल्टो आणि पहिल्या पिढीची वॅगन आर दीड मीटरपेक्षा कमी रुंद आहेत, आय-१० साधारण १.६ मीटर, स्विफ्ट १.६९ मीटर. कागदावर फरक अर्धी-एक वीत, पण आरसे मिटून गडगा चुकवताना तो कळतो. ग्राउंड क्लिअरन्स या सगळ्यांचा १६० ते १७० मिलिमीटरच्या घरात आहे. चार माणसं, तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या दोन पेट्या टाकल्या की तो त्याहून बराच खाली येतो. मागचे शॉकअप थकलेले असतील तर सायलेन्सर घासतोच.

इंजिनाचं बघताना एक प्रश्न आधी विचारा : वॉल्व्ह वेळेवर उघडबंद करायला टायमिंग बेल्ट आहे की चेन? जुनी ८००, जुनी अल्टो, २०१० पूर्वीची पेट्रोल वॅगन आर आणि स्विफ्ट, सँट्रो, ११०० सीसीची आय-१० यांना रबरी बेल्ट आहे. मारुतीची के-१० आणि के-१२ इंजिनं आणि १२०० सीसीची आय-१० यांना चेन. बेल्ट किलोमीटरवर झिजतो तसा वर्षांवरही वाळतो, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचा मूळ बेल्ट पंधरा वर्षांचा असेल तर तो संपलेलाच समजा. आधीच्या मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही नवे टाका. बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर गाडी जागेवर थांबते, आणि ज्या इंजिनांत पिस्टन-वॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात तिथे वॉल्व्ह वाकून हेड उतरवावं लागतं. पार्टच्या बाबतीत मारुतीला तोड नाही. महाडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही बऱ्या दुकानात ८०० आणि अल्टोचे लायनर, केबल, बुश हातोहात मिळतात. ज्या कंपनीने भारतातून गाशा गुंडाळलाय तिची गाडी फुकटात मिळाली तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती चालवायला कितीही मजा येवो.

तळाचं काम

अंडरकोटिंग, म्हणजे तळाला गंज रोखणारा थर, करायचं तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. वळिवाच्या आधी सलग कोरडे दिवस मिळतात ते तेव्हाच. चारी चाकं काढून तळ प्रेशरने धुवा. पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या कितीतरी बोअरवेलींचं पाणी मचूळ असतं आणि त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. धुतल्यावर गाडी दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग वायर ब्रशने सुटा गंज काढायचा, उरलेल्या डागांवर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर करणारं द्रावण) लावायचा, तो काळा पडून सुकला की इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि शेवटी कोटिंग. नुसता लाल ऑक्साइड मारून सोडला तर उपयोग नाही, तो सच्छिद्र असतो आणि वर रंग नसेल तर ओल शोषतो.

बहुतेक ठिकाणी यातलं काहीच होत नाही. गाडी लिफ्टवर घेतात, पाण्याचा फवारा मारतात आणि तासाभरात ओल्या पत्र्यावर काळं रबरी कोटिंग फासून देतात. असं कोटिंग न केलेलं बरं. गंज आणि ओल त्याच्याखाली बंद होतात, वरून सगळं छान काळंभोर दिसतं, आणि दोन पावसाळ्यांनी कोटिंग पत्र्यासकट हातात येतं. कोटिंग करणाऱ्याला आधी विचारा की वाळवणार किती वेळ. उत्तर तासांत आलं तर दुसरा माणूस शोधा.

दारांच्या आणि खालच्या पट्ट्याच्या पोकळीत कोटिंग पोचत नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स लागतो, जो पाणी जायच्या भोकांतून बारीक नळीने आत फवारतात आणि नंतर भोकं टोचून मोकळी करतात. गावाकडे जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. लोखंडी फाळाला ठीक, गाडीला नको : ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकच्या लायनरवर गेलं तर ब्रेक लागत नाही, आणि उरलेलं पावसाबरोबर विहिरीकडे जातं.

बाकी वर्षभराचं काम किरकोळ आहे. पंधरवड्यातून एकदा तळाला आणि चाकांच्या कमानींत गोड्या पाण्याचा पाइप धरा. वायपरखालच्या जाळीत अडकलेली आंब्या-फणसाची पानं काढा, नाहीतर पाणी ब्लोअरच्या वाटेने पायाशी उतरतं. समुद्राच्या पुळणीवर गाडी घालायची हौस दुसऱ्यांच्या गाडीवर भागवावी. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू मागच्या अ‍ॅक्सलवर आणि ब्रेकच्या पाइपांवर चिकटते, आणि हे पाइप बाहेरून लोखंडीच असतात. गेलीच गाडी, तर त्याच दिवशी धुवा.

माडाखाली गाडी लावू नये हे सांगायची गरज नसावी, तरी दर उन्हाळ्यात फुटलेल्या काचा दिसतातच. नारळ पडला नाही तर झावळी पडते.

ब्रेक, क्लच आणि घाट

इथल्या हवेत मागचे ड्रम ब्रेक सगळ्यात आधी बिघडतात. व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट फाटलं की ओल आत जाते, पिस्टन गंजून अडकतो आणि एका चाकाचा ब्रेक लागेनासा होतो. गाडी एका बाजूला ओढते, किंवा घाट उतरून आल्यावर एक ड्रम तापलेला आणि दुसरा गार लागतो. हात न लावता नुसता जवळ नेला तरी फरक कळतो. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ड्रम उघडून साफ करून घ्या. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्क पकडणारा भाग) पिना बाहेर काढून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

ब्रेक ऑइल पाणी शोषतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबा किंवा कुंभार्ली घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून गाडी किती चालली ते न बघता दर दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदलायचं. नुसती वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे.

उतरायचा नियम जुन्या ड्रायव्हरांचाच आहे : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ८०० सीसीच्या गाडीला भरल्या लोडवर करूळ किंवा फोंडा दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, वळणावर पहिल्यातही. तो तसाच चढू द्या. तिसऱ्यात गुदमरत, थरथरत चढवलेल्या गाडीचं इंजिन जास्त तापतं. तापमानाचा काटा वर सरकला तर आधी एसी बंद करा, तरी सरकला तर हीटर गरम बाजूला आणि ब्लोअर पूर्ण वेगात टाका. हीटरचा छोटा रेडिएटर थोडी उष्णता बाहेर काढतो. माणसं घामाघूम होतील, पण हेड गॅस्केट वाचेल. काही गाड्यांत काटाच नाही, फक्त लाल दिवा आहे. तो लागला म्हणजे बाजूला घेऊन थांबायचंच, आणि रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरच्या बारीक पातळ पट्ट्या (फिन) मिठाने भुगा होऊन गळून पडतात. बोट फिरवल्यावर त्या चुरत असतील तर नुसतं कूलंट बदलून काही होणार नाही, रेडिएटर नवा टाका.

क्लच जड झाला की गॅरेजवाला लगेच प्लेट संपली म्हणतो. ८००, अल्टो, जुनी वॅगन आर यांचा क्लच केबलवर चालतो, आणि इथे ती केबल आतून गंजते. आधी केबल बदलून बघा. प्लेट संपली का हे तपासायचं तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा : इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही तर प्लेट घसरतेय. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय प्लेट सगळ्यात लवकर खाते. त्यासाठी हँडब्रेक आहे.

घराकडच्या चढाचं वेगळं तंत्र आहे. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, आणि चढावर वजन मागे जातं. पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर पुढची चाकं नुसती फिरतात, मागे तीन माणसं बसलेली असतील तर जास्तच. माणसं उतरवा. तरीही चढेना तर वर वळायला जागा आहे हे आधी बघून गाडी रिव्हर्समध्ये चढवा. तेव्हा पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं आणि पकड मिळते.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीवर चढतानाही हेच लक्षात ठेवा. ओहोटीला धक्का आणि बोटीची फळी यांत कोन जास्त पडतो आणि धक्क्याचा खालचा भाग निसरडा असतो. सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, सावकाश. बोटीत इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये.

पाऊस

टायरवर कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. इथल्या पावसाला ती पुरत नाही, मेअखेर ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदला. कमी चाललेल्या गाडीच्या टायरचं वय बघा : बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वायपरची रबरं दरवर्षी जूनच्या आधी नवी. काच आतून धुरकट झाली की एसी लावून हवा काचेकडे वळवा. थंडी वाजली तर तापमान वाढवा, पण एसी बंद करू नका, कारण ओल तोच काढतो. पायाखालची मॅट एसी चालवल्यावर भिजत असेल तर एसीची पाणी जायची नळी तुंबलेली आहे, बारीक तार घालून मोकळी होते.

रस्त्यावर पाणी साचलं असेल तर पुढे गेलेल्या गाडीचं चाक बघा. छोट्या हॅचबॅकला चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही हद्द. त्यापुढे एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्या. नुसतं बंद पडलेलं इंजिन वाचतं, पाण्यात चावी फिरवलेलं बहुतेक वेळा वाचत नाही. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर लागतं, आणि जुन्या गाडीला ते मिळणं कठीणच. वाहत्या पाण्यात तर घालूच नका, मग ते कितीही उथळ दिसो.

गावी उभी राहणारी गाडी

मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी गावच्या घरी एक जुनी गाडी ठेवतात, मधले महिने ती पडवीशेजारी उभी. तिला ठेवताना हँडब्रेक ओढू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार १० नंबरच्या पान्याने सोडवा (सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी) आणि टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा. टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय त्यापेक्षा ४–५ पीएसआय जास्त हवा. एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेला बारीक लोखंडी जाळी बसवा, उंदीर तिथूनच शिरतात. तंबाखूची पानं वास असेपर्यंत काम करतात, मग उंदीर त्यांचंच घरटं करतात.

पेट्रोलचं गणित आता बदललंय. पंपांवर मिळणाऱ्या ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. नेमका तिथेच गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप. टाकी अर्धी ठेवली तर वरच्या ओल्या हवेला जागा जास्त, म्हणून महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर काठोकाठ भरून ठेवा. जुन्या गाड्यांच्या रबरी पेट्रोल नळ्या कडक होऊन चिरा पडल्यात का हे दर सर्व्हिसला बघा, आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाका. मायलेज थोडं कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली होती.

परत आल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. बॉनेट उघडून वायरी कुरतडल्यात का बघा, ऑइल आणि कूलंट बघा, ब्रेकचं पॅडल दाबून बघा. बॅटरीवर मीटर लावा : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर ठीक. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जात हलके ब्रेक दाबत राहा, ड्रम-डिस्कवरचा गंज त्यात घासून जातो. शेजाऱ्याला महिन्यातून दोनदा गाडी ‘नुसती चालू करून ठेव’ सांगण्याने बॅटरी फारशी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून कुजतो. चालू करायचीच तर अर्धा तास फिरवायला सांगा.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या आधी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते : रायगडला पेण किंवा पनवेल, बाकी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. चारचाकीची नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती १०,००० केली, आणि उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये वेगळे. पर्यावरण कर त्याशिवाय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घ्या. तपासणीला जाण्याआधी हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घ्या, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघा आणि चॅसिस नंबरची जागा गंजाने खाल्लेली असेल तर ती वायर ब्रशने नव्हे, कापड आणि रॉकेलने साफ करा. ब्रशने अक्षरं पुसट होतात आणि नंबर वाचता आला नाही तर प्रकरण अडतं.